रिफंड हवाय? आधी वही काढा

"अण्णा, पैसे आले का बघा की."

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, लाइट बिल ही आमची मूळची कामं. पण गेल्या काही वर्षांत रोज दोघं-तिघं तरी फोन पुढं करून वरचं वाक्य म्हणतात. कुणाची साडी परत गेली पण पैसे आले नाहीत, कुणाच्या खात्यातून पैसे कटले पण ऑर्डरच पडली नाही. नवीन माणूस इथं फार लवकर चिडतो. चिडून कस्टमर केअरला शिव्या घालतो, मग कंटाळतो आणि पैसे सोडून देतो. ज्यांचे पैसे परत आलेले मी पाहिले, त्यातली बहुतेक माणसं भांडखोर नव्हती. त्यांच्याकडं तारखा होत्या.

म्हणून पहिल्यांदा ऑनलाइन मागवणाऱ्याला मी एकच सांगतो: दहा रुपयांची वही घ्या. ऑर्डर कधी टाकली, पार्सल कधी आलं, रिटर्न कधी टाकला, कोण काय बोललं, तक्रारीचा नंबर काय, सगळं त्यात जाऊ दे. मोबाइलमध्ये सगळं असतं हे खरं. पण ॲपमधली चॅट काही दिवसांनी सापडत नाही, आणि "मागच्या आठवड्यात कधीतरी फोन केला होता" ह्या वाक्याला कुठंच किंमत नाही.

पुढं जे सांगतोय ते एका अक्कांच्या कुकरच्या आधारानं सांगतो. त्या पूर्व भागातल्या, घरी विड्या वळतात. त्यांचा मुलगा पुण्यात, हडपसरला नोकरीला. त्यानं आईसाठी तिथूनच पाच लिटरचा कुकर मागवला, सतराशे एकोणपन्नास रुपये स्वतःच्या फोनवरून यूपीआयनं भरले आणि पत्ता सोलापूरचा दिला. आला तीन लिटरचा.

मागवण्याआधी

वस्तूचा फोटो आणि किंमत सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या खालच्या तीन गोष्टी बघा.

पहिली, विकणारा कोण आहे. मोठ्या वेबसाइटवरची प्रत्येक वस्तू ती वेबसाइट विकत नसते. तो एक बाजार आहे, गाळे वेगवेगळ्यांचे. नवी पेठेत एका दुकानातल्या मालाची तक्रार शेजारच्या दुकानात चालत नाही, हे आपल्याला कळतं. ऑनलाइन मात्र सगळा माल एकाच नावाखाली दिसतो म्हणून आपण फसतो. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता वस्तूच्या पानावर असतो, असायलाच हवा. नाव दाबलं की त्याच्याबद्दलचे अभिप्रायही उघडतात. त्यात एक आणि दोन चांदण्या देणाऱ्यांचं आधी वाचा. पाच चांदण्यावाले बहुधा "छान" एवढंच लिहितात.

दुसरी, परतीचा नियम. इथं दोन शब्द अगदी सारखे दिसतात आणि अर्थ वेगळा असतो. "रिटर्न" म्हणजे वस्तू देऊन पैसे परत. "रिप्लेसमेंट" म्हणजे वस्तू देऊन तीच वस्तू पुन्हा. मोबाइल, मिक्सर, पंखे अशा मालावर बऱ्याचदा फक्त रिप्लेसमेंट असते. आतले कपडे, सौंदर्यप्रसाधनं, खाण्याचे पदार्थ बहुधा परत घेत नाहीत. मुदतही बघा, सात दिवस की दहा. ती साधारण पार्सल हातात पडल्यापासून मोजतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर पान बदललं तरी तुमच्याकडचा फोटो बदलत नाही.

तिसरी, पैसे भरायच्या पानावरची बेरीज. वस्तू चारशे एकोणपन्नासची आणि बिल पाचशे तीसचं, असं झालं तर थांबा. विमा, जादा वॉरंटी, देणगी, "सुरक्षित पॅकिंग" असं काहीतरी हळूच टोपलीत टाकलेलं असतं. आपल्या वतीनं आधीच टिक करून ठेवलेला चौकोन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत संमती म्हणून धरत नाहीत. अशा लबाड्यांची तेरा प्रकारांची यादी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. टोपलीत गुपचूप माल घुसवणं त्यात आहे, आणि "फक्त दोनच शिल्लक, पाच मिनिटांत ऑफर संपणार" असं खोटं घड्याळ लावणंही. तरी ती घड्याळं चालूच आहेत. संध्याकाळी बघा, तीच ऑफर असते.

कुकर, हेल्मेट असला माल घेताना आयएसआयचा शिक्का नीट बघा. घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे. २०२२ मध्ये असा शिक्का नसलेले कुकर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या वेबसाइटना दंड लावून कुकर परत घेण्याचे आणि पैसे देण्याचे आदेश काढले होते.

आता पत्ता. "मारुतीच्या देवळामागं, पिंपळाजवळ" हे लिहायला हरकत नाही, सोलापुरात त्याशिवाय घर सापडतही नाही. पण पिनकोड बरोबर टाका आणि मोबाइल नंबर घरी असणाऱ्या माणसाचा द्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. अक्कांचं अर्धं दुखणं इथंच होतं. पत्त्यावर नंबर मुलाचा होता. डिलिव्हरीवाला गल्लीत उभा राहून फोन करायचा पुण्याला, मुलगा कामावर, फोन सायलेंट. मुलं पुण्या-मुंबईत आणि आईवडील इथं, अशी घरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. पैसे कुणीही भरा, पत्त्यावरचा नंबर ज्याच्या दारात पार्सल येणार त्याचा.

नवख्या माणसानं पहिल्या चार-पाच खरेदीला कॅश ऑन डिलिव्हरी घ्यावी असं माझं मत आहे. पाच-दहा रुपये जास्त घेतात, घेऊ दे. फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेवा की काय मागवलंय आणि कितीचं. न मागवलेली पार्सलं नावानिशी दारात येतात, घरातली म्हातारी माणसं "पोरानं मागवलं असंल" म्हणून सहाशे रुपये देऊन मोकळी होतात आणि आत निघतो चिंध्यांचा गठ्ठा. मागवलं नसेल तर घ्यायचं नाही.

पार्सल दारात आल्यावर

व्हिडिओ काढायचा. हा भाग लोकांना अवघड वाटतो म्हणून सविस्तर सांगतो.

फोन दुसऱ्याच्या हातात द्या. आधी पार्सलवरचं लेबल दाखवा, त्यावरचं नाव आणि ऑर्डरचा नंबर वाचता आला पाहिजे. मग खोका चारी बाजूंनी, वरून आणि खालून फिरवून दाखवा, चिकटपट्टी आधी कुणी फोडलेली नाही हे दिसलं पाहिजे. त्यानंतर कात्रीनं पट्टी कापा. मध्ये व्हिडिओ थांबवायचा नाही, लहान पोरगं रडलं तरी नाही. वस्तू बाहेर काढा, त्यावरचा मॉडेल नंबर किंवा सिरियल नंबर कॅमेऱ्याजवळ धरा. काच किंवा प्लॅस्टिक असेल तर एकेक भाग फिरवून दाखवा. दोन-तीन मिनिटांत होतं सगळं.

काही महागड्या वस्तूंना "ओपन बॉक्स" डिलिव्हरी असते. म्हणजे डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडायचा, बघायचं आणि मगच ओटीपी सांगायचा. ओटीपी दिला म्हणजे "माल बरोबर मिळाला" अशी तुमची सही झाली. सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो पोरगा बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पन्नासावं पार्सल घेऊन आलेला असतो. त्याला घाई असणारच. त्याला पंख्याखाली बसवा, गार पाणी द्या, पण ओटीपी खोका बघूनच द्या. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, माल त्यानं भरलेला नसतो.

खोका, थर्मोकोल, टॅग, बारकी पिशवीसुद्धा परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. ह्यात मी स्वतः पोळलोय. मिक्सर मागवला होता. आला त्या दिवशी झाकण लावून बघितलं, चालू झाला, खोका भंगारवाल्याला दिला. तिसऱ्या दिवशी बायकोनं शेंगांची चटणी करायला घेतली तेव्हा कळलं, लहान भांड्याच्या तळाला चीर आहे. रिटर्न मंजूर झाला, न्यायला माणूस आला आणि म्हणाला, "मूळ खोका दाखवा." खोका नाही तर पिकअप नाही. गेला निघून. पुढचा दीड महिना मी त्या कंपनीशी चॅट करत होतो आणि शेवटी नवी पेठेतून सुटं भांडं विकत आणलं. घरी अजूनही खोका फोडताना माझ्याकडं बघून हसतात.

रिटर्न टाकताना कारण निवडा, अंदाजे दाबू नका

ॲपमध्ये रिटर्न टाकला की कारणांची यादी येते. बरेच जण पहिलंच दाबतात, "आता नको आहे" किंवा "आवडलं नाही". वस्तू फुटकी असताना हे दाबलंत की पुढची सगळी लढाई तुम्ही स्वतःहून अवघड केलीत. कारण न आवडलेली वस्तू परत घेणं हे विक्रेत्याच्या धोरणावर असतं. फुटकी, सदोष, चुकीची, वर्णनाप्रमाणे नसलेली किंवा ठरल्या तारखेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला २०२० च्या नियमांनुसार विक्रेता नकार देऊ शकत नाही. (उशीर पुरासारख्या आपत्तीमुळं झाला असेल तर गोष्ट वेगळी.)

"वर्णनाप्रमाणे नाही" हे कारण लोकांना सुचतच नाही. माझ्या मावसबहिणीनं पुण्यात "अस्सल सोलापुरी चादर" ऑनलाइन मागवली. फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, बरी आहे का? नक्षी छापील होती, विणलेली नाही. उलट्या बाजूला रंगच नव्हता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव कुठल्याही कापडाला लावता येत नाही. तिनं "पातळ आहे, आवडली नाही" असं लिहिलं होतं. मी ते बदलून लिहायला लावलं: "पानावर अस्सल सोलापुरी चादर म्हटलं आहे. आलेली चादर छापील आहे, दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत." पैसे परत आले. मग मी इथूनच एक चांगली चादर तिला पाठवली. आधी मला विचारलं असतं तर, पण असो.

रिटर्न मंजूर झाला की पिकअपची तारीख येते. त्या दिवशी वस्तू, तिच्यासोबत आलेलं सगळं आणि खोका तयार ठेवा. न्यायला येणारा माणूस फोनमधला फोटो आणि वस्तू ताडून बघतो. त्याच्या हातात देण्याआधी वस्तूचा आणि पॅक केल्यावर खोक्याचा फोटो काढा. त्यानं नेल्यावर "पिकअप झालं" असा मेसेज किंवा पावती आल्याशिवाय त्याला दारातून सोडू नका. हे जरा जास्त वाटेल, पण नेलेली वस्तू "मिळालीच नाही" असं सांगितलं गेल्याची तीन प्रकरणं माझ्या टेबलावर आलीत.

आणि कुणीही न येता ॲपवर "ग्राहक उपलब्ध नाही" दिसलं तर? त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत तक्रार टाका. सोबत त्या दिवसाच्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडा, म्हणजे फोन आलाच नव्हता हे दिसेल. दोनदा असं दाखवलं की बऱ्याच ठिकाणी रिटर्न आपोआप रद्द होतो आणि तेवढ्यात मुदत संपते. अक्कांचे पहिले दोन पिकअप मुलाच्या नंबरमुळं फुकट गेले. नंबर बदलला. तिसऱ्या दिवशी त्या सकाळपासून उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, फोन मांडीवर. कुणी आलं नाही आणि संध्याकाळी तोच मेसेज.

"रिफंड दिला" म्हणजे पैसे आले असं नाही

ॲपवर हिरव्या अक्षरांत रिफंड झाल्याचं दिसतं आणि बँकेत काहीच नसतं. इथं लोक सर्वांत जास्त घाबरतात. पैसे विक्रेत्याकडून वेबसाइटकडं, तिथून पेमेंट कंपनीकडं, मग बँकेकडं, असे टप्प्याटप्प्यानं येतात. यूपीआयचे बहुधा लवकर येतात, क्रेडिट कार्डाचे आठवडाभरही लागू शकतात आणि ते खात्यात दिसत नाहीत, कार्डाच्या बिलात वजा होतात.

आठ-दहा दिवस उलटले तर "पैसे कुठंयत" असं विचारू नका. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. यूपीआयचा असेल तर बारा आकडी क्रमांक असतो, त्याला आरआरएन किंवा यूटीआर म्हणतात. कार्डाचा असेल तर एआरएन मागा. तो क्रमांक मिळाला की बँकेत जाऊन दाखवा, त्यांना त्यावरून पैसे शोधता येतात. क्रमांकच देत नसतील तर समजा, पैसे अजून निघालेले नाहीत.

पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. जावयाच्या फोनवरून भरले असतील तर जावयाच्या खात्यात. कॅश ऑन डिलिव्हरीला परतीसाठी खातं द्यावं लागतं, ते फक्त ॲपमध्ये शिरूनच भरायचं, मेसेजमधल्या लिंकवर नाही. आणखी एक फसवं बटण असतं: "लगेच रिफंड". ते दाबलं की पैसे ॲपच्याच पाकिटात जातात, म्हणजे पुन्हा तिथंच खर्च करायचे. घाईत दाबू नका, मूळ खात्याचा पर्याय खाली बारीक अक्षरांत असतो.

पैसे कटले पण ऑर्डरच पडली नाही, हा प्रकार वेगळा. त्यात विक्रेत्याच्या मागं लागून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं, दुकानदाराला यूपीआयनं पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि त्याच्याकडं पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ही भरपाई मागावी लागू नये असं परिपत्रक म्हणतं, प्रत्यक्षात मागावी लागते. ज्या यूपीआय ॲपवरून भरले त्यातच त्या व्यवहारावर तक्रार टाका, मग बँकेत लेखी द्या. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका

हे मी दुकानाच्या दारावर कागद लावून लिहिलंय. रिफंडच्या नादात माणूस रिफंडपेक्षा जास्त घालवतो ते इथं.

आमच्या गल्लीतल्या एका पेन्शनर काकांचे तीनशे एकोणपन्नास रुपये अडकले होते. त्यांनी नंबर शोधला, पहिला दिसला त्यावर फोन लावला. समोरचा इतका गोड बोलला की काका म्हणाले, "बँकेतसुद्धा असं कुणी बोलत नाही." त्यानं एक ॲप घ्यायला लावलं, रिफंडसाठी म्हणून. ते स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. मग दहा रुपये भरून "खातं तपासा" म्हणाला. काकांनी पिन टाकला, तो समोरच्याला दिसला. वीस मिनिटांत अठरा हजार गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं म्हणालं की फोन ठेवायचा, अगदी "काका" म्हणून बोलत असला तरी. खरा नंबर किंवा चॅट ॲपच्या आतच "मदत" किंवा "हेल्प" मध्ये असतं.

घडलंच तर लाज वाटून घरी लपवू नका. तिथल्या तिथं १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढं सरकण्याआधी अडवता येतात. दुसरा फोन बँकेला. पिन तुम्ही स्वतः दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची असते. म्हणून बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या.

इन्स्टाग्रामवरच्या साडीच्या दुकानांबद्दलही इथंच सांगतो, कारण शेवट तोच होतो. आगाऊ पैसे एखाद्याच्या वैयक्तिक क्यूआरवर, बिल नाही, पत्ता नाही. त्यात चांगली, प्रामाणिक माणसंही आहेत. पण पैसे अडकले तर मध्ये कुणीच नसतं. पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले म्हणून बँकही हात वर करते. ओळखीतून खात्री नसेल तर आगाऊ देऊ नका.

तक्रार कशी लिहायची

फोनपेक्षा चॅट बरी, चॅटपेक्षा ईमेल बरा. चॅटमध्ये आधी यंत्र बोलतं. "माणसाशी बोलायचं आहे" असं दोन-तीनदा लिहिलं की बहुतेक ठिकाणी माणूस येतो. बोलणं संपायच्या आत तक्रार क्रमांक मागा आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या.

अक्कांच्या मुलाच्या नावानं आम्ही जे लिहिलं ते असं होतं:

"ऑर्डर क्रमांक अमुक. ३ तारखेला ५ लिटरचा कुकर मागवला. ७ तारखेला ३ लिटरचा आला, खोक्यावरही ३ लिटर छापलेलं आहे, फोटो जोडला आहे. ८ तारखेला रिटर्न टाकला. ११ आणि १२ तारखेला संपर्क क्रमांक चुकल्यामुळं पिकअप झालं नाही. १२ तारखेला क्रमांक बदलला. १४ तारखेला दिवसभर घरी असूनही कुणी आलं नाही आणि फोनही नाही, कॉलची यादी जोडली आहे. वस्तू बदलून नको. पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत हवेत. पिकअपची तारीख आणि तक्रार क्रमांक लेखी कळवावा."

आपली चूक होती ती आम्ही लपवली नाही. वाचणाऱ्याला त्यामुळं बाकीचं खरं वाटतं. आणि मागणी एकच ठेवली. "पैसे द्या नाहीतर भरपाई द्या नाहीतर कूपन द्या" असं लिहिलं की हमखास कूपन मिळतं.

हे कस्टमर केअरनं ऐकलं नाही तर तेच पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचं. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायचं, असं २०२० चे नियम सांगतात. ईमेलमध्ये ह्या दोन मुदतींचा एका ओळीत उल्लेख करा. धमकी नको, उल्लेख पुरे.

तिथंही काही झालं नाही तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज, मराठीतही बोलता येतं. ८८००००१९१५ ह्या नंबरवर व्हॉट्सॲपनंही तक्रार जाते. ते न्यायालय नव्हे, ते तुमची तक्रार कंपनीकडं पाठवतात आणि पाठपुरावा करतात. दोन-चार हजारांच्या वादात बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं, कारण तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते.

त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला अजून सगळे ग्राहक मंच म्हणतात. ह्याबद्दल गैरसमज फार आहेत. विक्रेता गुरुग्रामचा असो नाहीतर सुरतेचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, बिल, स्क्रीनशॉट, ईमेल सगळं जोडून. तरीही खरं सांगायचं तर तीनशे रुपयांच्या टॉपसाठी मी कुणाला तिथं पाठवत नाही. कायद्यात महिन्यांची भाषा असली तरी वेळ जास्तच लागतो. फ्रिज, लॅपटॉप, मोबाइल असेल तर मात्र मागं हटू नका.

अक्कांचं काम आयोगापर्यंत गेलं नाही. अधिकाऱ्याला ईमेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोच आली, चौथ्या दिवशी माणूस येऊन कुकर घेऊन गेला. मी सांगितलं होतं म्हणून त्यांनी त्याला मेसेज येईपर्यंत चहा पाजून बसवून ठेवला. आठवड्यानं त्या पुन्हा दुकानात आल्या, पासबुक घेऊन.

"अण्णा, पैसे आले का बघा की."

पासबुकात नव्हते. मी पुण्याला फोन लावला. सतराशे एकोणपन्नास रुपये दोन दिवसांपूर्वीच मुलाच्या खात्यात जमा झाले होते, आणि त्याला वाटलं होतं आईनं सांगितलं नाही म्हणजे घाई नसेल. कुकरचे अर्धे पैसे अक्कांनी त्याला आधीच रोख दिले होते, हे तेव्हा कळलं.

अक्कांनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि मला विचारलं, "आता त्याच्याकडनं काढायला कुठला नंबर लावायचा? १९१५ चालतो का?"